निपाणीची लेयर मालदीवच्या समुद्रात का पडते

निपाणीकडून पाण्याखाली गेलेल्या शेतांची लेयर, म्हणजे नकाशाचा एक थर, येते. बेळगावात मी ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. डावीकडच्या यादीत नाव दिसतं, टिकही आहे, पण नकाशा कोरा. 'झूम टू लेयर' दाबलं की पडदा निळाशार. ऊस नाही, तंबाखू नाही, वेदगंगा नाही. बारीक बघितलं तर सगळी शेतं मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, एकाच ठिपक्यात गोळा झालेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-दूधगंगेला महापूर आला तेव्हा हा प्रकार मी पहिल्यांदा बघितला. त्यानंतर किती वेळा बघितला याचा हिशोब ठेवलेला नाही. दरवेळी कुणीतरी आपल्या संगणकावर काहीतरी खटपट करून लेयर जागेवर आणतो, काम उरकतो आणि मूळ फाइल तशीच पुढे पाठवतो. पुढच्याच्या पडद्यावर पुन्हा समुद्र. यात लेयर सहसा बिघडलेली नसतेच. पाठवणाऱ्याच्या संगणकाला तिच्याबद्दल जे माहीत असतं, ते फाइलीबरोबर आलेलं नसतं किंवा चुकीचं आलेलं असतं. ते काय हे ओळखता आलं की दुरुस्ती दोन मिनिटांची.

किती लांब गेली, ते आधी मोजा

लेयर चुकीच्या जागी दिसली की लोक लगेच सेटिंग बदलत सुटतात. थांबा. ती किती लांब आणि कुठल्या दिशेला गेली आहे, यावरूनच निम्मं निदान होतं.

लेयरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधलं 'इन्फर्मेशन' उघडा आणि 'एक्स्टेंट'चे, म्हणजे लेयरच्या चार टोकांचे, आकडे वाचा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात रेखांश ७४ ते ७५ आणि अक्षांश १५ ते १६ च्या घरात असतात. हेच मीटरमध्ये, म्हणजे यूटीएम या पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये असेल, तर आडवा आकडा चार ते साडेपाच लाख आणि उभा सतरा ते पावणेएकोणीस लाख. बेळगाव शहर साधारण ४ लाख ४६ हजार आणि १७ लाख ५२ हजारांवर येतं. एवढे आकडे पाठ असले की पुरे.

आता आकडे ७४ आणि १६ असे असून खाली सीआरएस (आकडे कुठल्या पद्धतीचे हे सांगणारी नोंद) म्हणून ईपीएसजी ३२६४३, म्हणजे याच यूटीएम झोनचा कोड, लिहिलेला असेल, तर क्यूजीआयएस त्या अंशांना मीटर समजतंय. ७४ मीटर आणि १६ मीटर म्हणजे त्या झोनचा शून्यबिंदू. यूटीएममध्ये झोनच्या मधल्या रेखांशाला, आपल्याकडे ७५ अंशाला, पाच लाख मीटर धरतात. म्हणून शून्य त्याच्या पाचशे किलोमीटर पश्चिमेला, विषुववृत्तावर येतं. मालदीवची भानगड ती हीच.

उलटही होतं. आकडे लाखांत आणि सीआरएस ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांचं. चार लाख अंश रेखांश पृथ्वीवर कुठेच नाहीत, त्यामुळे झूम केलं तरी काही दिसत नाही.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर लेयर थेट आर्क्टिकमध्ये जाते, नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या आसपास. हे बहुतेक सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातलं टेबल, आयात करताना होतं. फोनवर लोकेशन कॉपी केलं की अक्षांश आधी येतो, आणि क्यूजीआयएसला एक्स म्हणून रेखांश हवा असतो. गूगल अर्थच्या केएमएल फाइलीतही रेखांशच आधी. आमच्याकडे पोरांना मी सांगतो, 'चौऱ्याहत्तर आडवं, सोळा उभं', की विषय संपला.

चाळीसेक किलोमीटरची चूक असेल तर अंश-मिनिटं तपासा. बेळगाव १५ अंश ५१ मिनिटं उत्तर, ७४ अंश ३० मिनिटं पूर्व. कुणी ते १५.५१ आणि ७४.३० असं टाइप केलं, की बेळगावचा बिंदू खानापूर ओलांडून भीमगडच्या रानाकडे जातो. खरे आकडे १५.८५ आणि ७४.५० हवेत. ही चूक सगळ्यांत फसवी, कारण बिंदू जिल्ह्यातच राहतो आणि कुणाला शंका येत नाही.

शंभर-दोनशे मीटरनं सगळं एकाच दिशेला सरकलेलं असेल, तर जुन्या टोपोशीटवर संशय घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी शीट एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आहेत. बेळगाव-खानापूरकडचं क्षेत्र ४८ आय मध्ये आणि १६ अंशाच्या वरचं निपाणी-चिकोडी ४७ एल मध्ये येतं. अशा शीटवरून ट्रेस करताना जिओरेफरन्सिंगमध्ये (नकाशाचं चित्र जागेवर बसवताना) डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतं ते माप, निवडलं असेल, तर विहिरी शेजारच्याच्या शेतात जाणारच. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्यांत हा त्रास नाही.

नेमणं वेगळं, बदलणं वेगळं

या घोळाचं मूळ एका गैरसमजात आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

'सेट लेयर सीआरएस' ही आज्ञा लेयरचा एकही आकडा बदलत नाही. ती फक्त सांगते की हे आकडे अमुक पद्धतीचे समजावेत. गोणीवर चिठ्ठी लावल्यासारखं. आत ज्वारी असताना चिठ्ठी गव्हाची लावली तर आत गहू होत नाही. आकडे खरोखर बदलायचे तर 'एक्सपोर्ट'मधून 'सेव्ह फीचर्स अ‍ॅज' उघडून तिथं नवा सीआरएस निवडायचा, किंवा प्रोसेसिंगमधलं 'रिप्रोजेक्ट लेयर' चालवायचं.

लोक काय करतात? लेयर अंशांत असते, क्षेत्रफळ मीटरमध्ये हवं असतं. म्हणून 'सेट लेयर सीआरएस'मधून ३२६४३ निवडतात. चिठ्ठी बदलली, दाणे तेच. लेयर समुद्रात. मग घाबरून तीच लेयर एक्सपोर्ट करतात, आणि आता चुकीची चिठ्ठी नव्या फाइलीत पक्की होते. ती फाइल मला येते.

दुरुस्ती नेहमी याच क्रमानं करा. आधी आकड्यांवरून खरी पद्धत ओळखून 'सेट लेयर सीआरएस'नं खरी चिठ्ठी लावा. मागे गूगल सॅटेलाइट किंवा ओपनस्ट्रीटमॅप ठेवून शेताचा बांध बांधावर बसतो का बघा. बसला, की मगच हव्या त्या सीआरएसमध्ये एक्सपोर्ट करा. माउसनं ओढून लेयर जागेवर आणणारेही मला भेटलेत. कृपा करून तसं करू नका, त्यानंतर ती चूक शोधणं देवालाही जमणार नाही.

आणखी एक जागा. 'सेटिंग्ज', 'ऑप्शन्स'मध्ये सीआरएसच्या विभागात जा. सीआरएस नसलेली लेयर आली तर काय करायचं, हे तिथं ठरतं. 'विचारा' हा पर्याय ठेवा. 'प्रोजेक्टचाच वापरा' असं ठेवलं असेल तर क्यूजीआयएस तुम्हाला न विचारता चिठ्ठी चिकटवतं.

क्षेत्रफळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लेयर वेब मर्केटर या वेबवरच्या नकाशांच्या पद्धतीत, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये असेल आणि तुम्ही फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये 'एरिया' फंक्शन वापरलं, तर आपल्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे आठ टक्के फुगतं. एकराचे चाळीस गुंठे त्रेचाळीस होतात. उताऱ्याशी ताळा लागत नाही म्हणून शेतकऱ्याला बोल लावण्याआधी हे बघा. 'डॉलर एरिया' वापरलं तर प्रोजेक्टच्या लंबगोलावर हिशोब होतो आणि हा दोष येत नाही.

नावांचा कचरा: तो कुठल्या जातीचा आहे

जागा बरोबर, पण अ‍ॅट्रिब्यूट टेबल उघडलं की गावांची नावं वाचता येत नाहीत. आपल्या भागात एकाच टेबलात मराठी, कन्नड आणि इंग्रजी असते, त्यामुळे हा आजार इथं जास्त. कचरा चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

डोक्यावर टोपी असलेली इंग्रजी अक्षरं आणि चलनाची चिन्हं एकाआड एक दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीतली फाइल क्यूजीआयएस जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगनं, म्हणजे अक्षरं साठवायच्या वेगळ्या पद्धतीनं, वाचतंय. 'प्रॉपर्टीज', 'सोर्स'मध्ये जाऊन 'डेटा सोर्स एन्कोडिंग' यूटीएफ-८ करा, येळ्ळूर-कडोली पुन्हा वाचायला येतील. शेप फाइल या लेयर साठवायच्या जुन्या स्वरूपाबरोबरची सीपीजी नावाची इवलीशी फाइल हरवली की हे होतं. तिच्यात एन्कोडिंगचं नाव, एवढंच असतं.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर नाद सोडा. एक्सपोर्ट करतानाच अक्षरं मेली आहेत, त्या फाइलीतून ती परत येणार नाहीत. मूळ फाइल मागवा.

अर्थ नसलेली रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं दिसत असतील, तर डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात भरलेला आहे. मराठी असेल तर श्री-लिपी किंवा कृतिदेव, कन्नड असेल तर नुडी किंवा बरह. एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. टेबल सीएसव्हीत काढा, त्या त्या फॉन्टाच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, परत जोडा. मराठी रकाना नुडीच्या कन्व्हर्टरमधून काढला तर जे निघतं ते एकदा करून बघाच, करमणूक होते.

नुसते चौकोन दिसले तर डेटात काही दोष नाही, लेबलसाठी निवडलेल्या फॉन्टात ती लिपी नाही. फॉन्ट बदला.

शेप फाइलचा आणखी एक जाच आहे आणि तो देवनागरीवाल्यांनाच बसतो. तिच्यात रकान्याचं नाव दहा बाइटपर्यंत आणि मजकूर २५४ बाइटपर्यंत मावतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त सुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे रकान्याच्या नावात तीनच चिन्हं. 'गावाचे नाव' आणि 'गावाचा कोड' हे दोघंही 'गाव' वर येऊन थांबतात, मग कुठला कुठला ते शोधत बसा. रकान्याची रुंदी वीस ठेवली असेल तर 'कंग्राळी बुद्रुक' चं 'कंग्रा' उरतं. शेप फाइलच द्यायची असेल तर रकान्यांची नावं रोमन आणि आखूड ठेवा, देवनागरी मजकुराला पूर्ण २५४ रुंदी द्या. तेवढ्यातही ८४ चिन्हंच बसतात. शेरा लिहायची हौस असेल तर हे स्वरूप तुमच्यासाठी नाही.

जोडणी लागत नाही

गावांची हद्द एका लेयरमध्ये, नुकसानीचे आकडे एक्सेलमध्ये. दोन्ही 'जॉइन' केले की अर्धी गावं रिकामी.

नावावरून जोडणी करू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण त्याआधीच्या टेबलांत इंग्रजीत बेलगाम आहे आणि आपण लिहितो बेळगाव. हे निदान लक्षात तरी येतं. कंग्राळीचं काय? कुणी बुद्रुक लिहितो, कुणी बी.के., कुणी बी आणि के मधला टिंब गाळतो. सुळगा तर दोन आहेत, एक हिंडलग्याकडचं, एक येळ्ळूरकडचं, आणि नावापुढच्या कंसातलं ओळखीचं अक्षर गाळलं की एकाचं नुकसान दुसऱ्याच्या खात्यावर. डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी नावंही जुळत नाहीत, कारण 'ऱ्ह' मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप करता येतो आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

जनगणनेचा किंवा लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा कोड घ्या आणि त्यावर जोडा. दोन्ही टेबलांत एकाच यादीतला कोड हवा, हे वेगळं सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत तालुक्याचा कोड पाच आकडी आहे आणि आपल्याकडच्या कोडांत सुरुवातीला शून्य येतं. एक्सेल ते शून्य खातं. क्यूजीआयएसही सीएसव्ही आयात करताना 'डिटेक्ट फील्ड टाइप्स' चालू असेल तर त्याला आकडा समजून खातं. ती टिक काढा, सगळे रकाने मजकूर म्हणून येतील. मग जोडणी लागते.

सर्व्हे नंबरची गत त्याहून वाईट. १२/३ लिहून एंटर मारला की एक्सेल त्याचा १२ मार्च करतं. पुढे तो साठवताना दिवसांचा पाच आकडी अंक होतो, आणि १२/३ परत मिळत नाही. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच भरायला घ्या. त्याहून बरं म्हणजे कर्नाटकच्या भूमी पोर्टलवर उतारा शोधताना सर्व्हे नंबर, सर्नोक आणि हिस्सा असे तीन वेगळे खण असतात, तसेच तीन रकाने तुमच्या टेबलात ठेवा. चंदगड-कागलकडचा सातबारा त्याच टेबलात आणणार असाल तर एकक नावाचा रकानाही हवाच. पलीकडे हेक्टर-आर, इकडे एकर-गुंठा, आणि नुसता '१.२०' हा आकडा दोन्हीकडे चालतो.

सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली की मराठीचा पुन्हा कचरा होतो. 'डेटा' मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडा, किंवा क्यूजीआयएसमधून काढतानाच 'राइट बॉम' हा पर्याय 'येस' करा.

वाटेत काय गळतं

शेप फाइल ही एक फाइल नाही, ते कुटुंब आहे. एसएचपीत आकार, डीबीएफमध्ये टेबल, एसएचएक्समध्ये आकारांची अनुक्रमणिका, पीआरजेत सीआरएस, सीपीजीत एन्कोडिंग. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक फक्त एसएचपी पाठवतात, कारण नाव तिचंच आहे. आणि पाचही पाठवल्या तरी घेणाऱ्याच्या फोनवर काही वेळा त्या 'डॉक' आणि तारखेच्या नावानं उतरतात. पाचांची पाच नावं झाली की ते कुटुंब राहत नाही. म्हणून झिप करा. एवढंच.

मी स्वतः आता जिओपॅकेजच पाठवतो. २०१४ पासूनचं खुलं मानक आहे, एकच फाइल, आत हव्या तितक्या लेयर, मजकूर यूटीएफ-८ मध्ये, सीआरएस आतच. रंग-लेबलांची स्टाइलही तिच्यात साठवता येते. नाहीतर लेयर पोचते आणि तुम्ही दोन दिवस लावून केलेले रंग तुमच्याच संगणकावर राहतात.

तिचेही दोन चाळे आहेत. एक, निर्यात करताना 'एफआयडी'बद्दल, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र क्रमांकाबद्दल, तक्रार करून ती अडते. जुन्या लेयरमध्ये त्याच नावाचा रकाना असतो आणि लेयर एकत्र केल्यामुळे त्यात तेच आकडे दोनदा आलेले असतात. निर्यातीच्या खिडकीत त्या रकान्याची टिक काढा, नवा आपोआप तयार होतो. दोन, क्यूजीआयएस उघडं असताना फाइलीशेजारी वाल आणि एसएचएम अशा दोन शेपट्या दिसतात. ताजे बदल त्या वालमध्ये असू शकतात. तेव्हाच मूळ फाइल कॉपी करून पाठवली तर सकाळची मेहनत तुमच्याकडेच राहते. प्रोजेक्ट बंद करा, शेपट्या गेल्या का बघा, मग पाठवा. सिंक होणाऱ्या ड्राइव्हवर ठेवून दोघांनी एकाच वेळी संपादन तर अजिबात नको.

निर्यात केल्यावर निम्मीच शेतं गेली, असं झालं तर लेयरवर फिल्टर आहे का आणि 'फक्त निवडलेले' ही टिक लागली आहे का, ते बघा. गूगल माय मॅप्सवर चढवताना अडलं तर मोजा, एका आयातीत दोन हजारांच्या वर वस्तू तिथं चालत नाहीत. गावनिहाय तुकडे करा.

सीमेवरची फट

शेवटी एक तक्रार, जी मुळात बिघाड नाही. कोगनोळीजवळ किंवा जांबोटीच्या पुढे दोन राज्यांच्या गाव-हद्दी शेजारी ठेवल्या की मधे फट दिसते, काही ठिकाणी एकमेकांवर चढलेल्या दिसतात. सीआरएस बरोबर, सगळं बरोबर, तरीही. हा सीमाप्रश्न क्यूजीआयएसमधून सुटणारा नव्हे. पन्नास हजाराला एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. दोन वेगळ्या लोकांनी, दोन वेगळ्या नकाशांवरून तीच रेघ काढली तर तेवढा फरक पडणारच. 'स्नॅप' करून ती फट बुजवली तर लगतच्या शेतांची क्षेत्रं गुपचूप बदलतात. मी ती तशीच ठेवतो, दोन्ही हद्दी वेगळ्या लेयरमध्ये, आणि कुठली लेयर कुणाची व कुठल्या प्रमाणावरची, ते लेयरच्या नावातच लिहितो. फट पंचवीस-तीस मीटरच्या बरीच वर गेली तरच पुन्हा वर जाऊन एक्स्टेंटचे आकडे वाचायला घेतो.